ब्लॉगवरून पुसलेली ओळ

“पुसलं बघ त्यानं परत,” अप्पा म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे आपटला.

आई तेव्हा दवाखान्यात होती. माझा धाकटा भाऊ निरंजन कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडून डोंगर हिंडायला निघाला, अप्पा ‘परत तोंड दाखवू नको’ म्हणाले आणि त्याने नंबरच बदलला. उरला त्याचा ब्लॉग. तो प्रवासाचं लिहायचा, त्याखाली कमेंट करायची, एवढीच एक वाट.

अप्पांचं भोसरीत मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं वर्कशॉप. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीवर रंगाने नाव आणि नंबर टाकायचा, ही त्यांची जुनी सवय. ब्लॉगवरही त्यांनी तेच केलं. ‘आई सिरियस आहे. ताबडतोब ये. सयाजी मोटार वर्क्स, भोसरी,’ आणि खाली नंबर. गुरुवारी एमआयडीसी बंद, तेव्हा एका बैठकीत सगळ्या लेखांखाली तीच ओळ चिकटवली. एकही दिसेना.

“अप्पा, नेट गेलं असेल.”

“नेट बरं हाय. त्याला आमी नको झालोय.”

मग त्यांच्याच फोनवरून मीही लिहिलं. तेही गायब. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेला उडत, कुणाच्या किती पाया पडायचं? आई मात्र दर थोड्या वेळाने विचारायची, निरू निघाला का. ती गेली तेव्हा अग्नी अप्पांनी दिला. कुणी मुलाचं विचारलं तर म्हणाले, “मुलगा न्हाई मला.”

दोन महिन्यांनी ऑफिसात डबा खाताना हे सगळं बुद्धभूषणजवळ बोलले. तो आमच्या कंपनीची वेबसाइट सांभाळतो. त्याने घास खाली ठेवला.

“योगिनी, त्याने पुसलंच नसणार. फिल्टरने अडवलं असेल. एकच मजकूर, दुकानाचं नाव, नंबर, तेही धडाधड सगळीकडे. मशीनला ती जाहिरात वाटते. एकदा शिक्का बसला की त्या माणसाचं पुढचं सगळं थेट स्पॅममध्ये.”

“आणि ज्याचा ब्लॉग आहे त्याला कळत नाही?”

“स्पॅम उघडून बघितलं तर कळेल. कोण बघतंय? काही दिवसांनी ते आपोआप साफ होतं.”

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला माहीत आहे. पण आमचंच जळावं? आता भांडायचं तरी कुणाशी, त्या मशीनशी? मला रडूही येईना, इतका संताप आला होता. तिथेच माझ्या फोनवरून लिहिलं, ‘निरू, मी ताई. अप्पांच्या कमेंट तू पुसल्यास का?’ ही लगेच दिसली.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन अप्पांना सगळं सांगितलं. मोटारीत तार भरता भरता ते ऐकत होते.

“मंजी त्यानं वाचलंच न्हाई?”

“नाही, अप्पा.”

तेवढ्यात उत्तर आलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘कुठल्या कमेंट? ताई, घरचं कुणीतरी लिहील म्हणून मी रोज बघायचो गं. आई कशी आहे?’

अप्पांनी तार खाली ठेवली. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन साबणाने हात धुतले, शर्टाची बटणं लावली.

“फोन कर म्हणावं त्याला,” ते म्हणाले. “ह्ये लिवून कळवायचं नसतंय. मी सांगतो.”