बिनसाखरेचा चहा

रंभानं आपल्या नवऱ्याच्या, लटारूच्या हातातला ग्लास काढून घेतला, त्यात करंगळी बुडवली आणि सगळ्यांच्या देखत चाटली.

कोलूच्या टपरीवर तेव्हा लाकडाच्या डेपोतली निम्मी माणसं बसलेली होती. ट्रक भरणारे हमाल होते, दोन ड्रायव्हर होते. चहा काळाकुट्ट होता आणि साखरेचा त्यात मागमूस नव्हता. तरी रंभाचं समाधान झालं नाही. तिनं ग्लास बाकावर आदळला आणि कोलूकडे वळली.

"मले येतानी पाह्यलं तुनं. तवाच बदलवला ना ग्लास?"

"बाई, माया लेकराची आण. भाऊले मी साखर देतच नाई. त्यायनं कधी मांगतली बी नाई."

"मंग तपासनीत लाल कायचं येऊन राह्यलं?"

लटारू खाली मान घालून उठला आणि तिच्या मागोमाग घरी निघाला. मागे कोणीतरी हसलं, ते त्याला ऐकू आलं.

माणसाच्या नावावर काय जमा असतं म्हणाल, तर लटारूच्या नावावर एकच गोष्ट होती. तो वनखात्याच्या डेपोत सागाच्या नगांवर, म्हणजे ओंडक्यांवर, सरकारी छापाचा हातोडा मारायचा. मापून झालेला नग त्यानं डोळ्यांखालून घातला, की साहेब लोक पुन्हा टेप लावत नसत. ना शिक्षण, ना शेती, ना रूप. पण लटारू म्हणाला ना, मग झालं, असं तीस वर्षं सगळे म्हणत आले होते. रंभाही म्हणत आली होती, आणि ते म्हणताना तिचा ऊर भरून यायचा.

मग वर्षभरापूर्वी त्याला तहान लागायला लागली. माठ पुरेना, अंगावरचं मांस झडलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं साखरेची बिमारी सांगितली. भात बंद, साखर-गूळ बंद, आलू बंद. रोज पायी फिरायचं, पाय जपायचे, गोळी चुकवायची नाही. डॉक्टर भला माणूस होता, नीट समजावून सांगत होता. रंभानं त्याला भीत भीत विचारलं, जंगलातलं खाल्लं तर चालेल का. तो म्हणाला, हो हो, उलट चांगलं, रानातली पालेभाजी भरपूर खाऊ घाला.

रंभानं जिवाचं रान केलं. झाडीपट्टीतल्या, भातावर जगणाऱ्या घरात भात शिजायचा बंद होणं म्हणजे चूल विझल्यासारखंच. पण तिनं केला बंद, आणि नुसता त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठीही. तो समोर कोरडी भाकर चावत असताना मी भात कशी खाऊ, म्हणायची. भाकरी थापायची सवय नव्हती तिला, पहिल्या महिन्यात सगळ्या तुटायच्या. पहाटे त्याला उठवून नदीपर्यंत चालत न्यायची. जांभळाच्या बिया वाळवून कुटायची, कारल्याचा रस पाजायची. रात्री त्याचे पाय धुऊन पुसून द्यायची.

पण ढीगभर भातावर पोसलेलं पोट. दुपारी त्याला घेरी यायची, हातोडा उचलवायचा नाही. हे काही रंभाला बघवेना. मग तिनं मोह काढला. घरात वाळलेल्या मोहफुलांचं मडकं भरलेलं असायचंच. बाळंतिणीला मोह देतात, नांगराच्या बैलाला ताकदीसाठी मोह देतात, मग याला का नाही? साखर दुकानातून येते, गूळ बाजारातून येतो, मोह तर जंगलातून. आणि जंगलातलं खा म्हणून डॉक्टरनंच सांगितलेलं. ती फुलं भाजायची, तिळाबरोबर कुटायची आणि रोज दुपारी डब्यात घालून डेपोवर पोचवायची. गुळाचा खडासुद्धा तिनं कधी त्यात टाकला नाही. लटारूला ते गोड लागायचं, पण मोह गोडच असतो, हे काय कोणी नव्यानं सांगायचं? तो खायचा, आणि त्याच्या अंगात थोडा वेळ जीव यायचा.

आरोग्य केंद्रात कंपाउंडर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचा, त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर धरायचा. निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर साखर भरलेली. लटारूचं दर वेळी लाल व्हायचं. शेवटी डॉक्टरही वैतागला. रंभाला म्हणाला, बाई, तुम्ही एवढं करता, पण हा बाहेर चोरून खातो, दुसरं काही असूच शकत नाही.

तिथून सगळं बिघडलं. रंभा त्याचे खिसे हुंगायला लागली. सिरोंच्याकडे दिलेली लेक सीता माहेरी आली, तेव्हा रंभानं त्याचा हात धरून लेकीच्या डोक्यावर ठेवला. खाल्लं नाही म्हणून त्यानं शपथ घेतली. चार दिवस ती निवळली. पुढच्या तपासणीत पुन्हा लाल. त्यानंतर ती टपरीवर आली ती अशी, आणि त्या दिवसापासून लटारूच्या शब्दाला घरात किंमत उरली नाही. ती त्याचं सगळं करायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. हे त्याला दुखण्यापेक्षा जड झालं होतं.

पायात सागाच्या लाकडाची बारीक सल घुसली, ती त्याला कळलीच नाही. पायाला जाणीवच राहिली नव्हती. रंभा रोज पाय धुवायची, पण सल पार आत गेलेली, वरून नुसता ठिपका. पाय सुजून वास यायला लागला, तेव्हा त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात आणलं. जिल्हा नवा झाला होता, दवाखानाही नवा होता. तिथल्या डॉक्टरनं पाय बघितला आणि गुडघ्याखालून काढावा लागेल, म्हणून सांगून टाकलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नीलाबाई नर्स पट्टी बदलायला आली. तेव्हा रंभा कपडे आणायला गावी गेली होती. खाटेजवळ तिनं ठेवलेला मोहाचा डबा उघडा होता.

"भाऊ, हे काय खाऊन राह्यले तुमी?"

लटारूनं सांगितलं. कोण करतं, कधीपासून, सगळं कौतुकानं सांगितलं. नीलाबाई पट्टी हातात तशीच धरून ऐकत राहिली.

"रोज खाता?"

"वर्ष झालं. याच्यावरच तं तग धरून हावो."

"भाऊ, मोहाची दारू कशी होते? साखर असल्याबिगर होते का दारू? हे साखरच खाल्ली तुमी वर्षभर."

पहिल्यांदा लटारूला काय झालं असेल, तर आनंद झाला. खोटं वाटेल, पण पाय जायचा होता आणि त्याला आनंद झाला. आपण चोर नव्हतो. आता रंभाला सांगायचं, कोलूला सांगायचं, सगळ्या डेपोला सांगायचं. रंभा आली की आधी काय बोलायचं, मग काय, हे तो संध्याकाळभर मनात जुळवत बसला. ती काय म्हणेल तेही त्यानं ठरवून टाकलं. ती म्हणेल, तुमी खरंच बोलत होते.

सकाळी रंभा पहिल्या गाडीनं आली. ती दारातून येताना त्यानं तिला नीट पाहिलं. वर्षभरात भाताचं शीत तिच्या पोटात गेलं नव्हतं. मनगटं काटक्यांसारखी झाली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मुसळानं तळहाताला घट्टे पडले होते. ती खाटेशी बसली, त्याच्याकडे न बघता तिनं पिशवीतून नवा भरलेला डबा काढला.

"आज जास्त कुटून आनलं. पाय काढल्यावर ताकद पाह्यजे."

संध्याकाळभर जुळवलेलं एक वाक्यही लटारूच्या तोंडातून निघेना. सांगितलं, तर हिला उरलेल्या जन्मात दुसरं काय दिसणार होतं? रोज हा तुटका पाय दिसेल आणि रोज ते मुसळ दिसेल. ही चूल पेटवू शकणार नाही. एवढ्या वर्षांत कधी एका नगाचं खोटं माप न सांगितलेला माणूस, त्यानं डोळे छताला लावले.

"रंभा, तू म्हनत होती थेच खरं हाय. मी चोरून खात होतो."

तिचा हात डब्यावरच राहिला.

"कुठी?"

"रस्त्यावर. ट्रकवाल्यायच्या संग. गूळ, पेढे, जे भेटन थे."

ती अगदी हळू म्हणाली, "सीताच्या डोक्शावर हात ठेवला होता तुमी."

"हाव."

त्याला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल. तिनं नुसता पदर सावरला. तो घाईघाईनं पुढे बोलला, की डॉक्टरनं आता मोहही बंद करायला सांगितला आहे, कापलेल्या जागी मोहानं पू धरतो म्हणे, तर यापुढं घरात आणू नको. रंभानं मान हलवली, डब्याचं झाकण लावलं आणि खाटेवरून उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

इतक्यात नीलाबाई आणि वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आले. लटारूला उचलून गाडीवर ठेवलं. रंभा पुढे झाली, पण त्याच्याकडे आली नाही. तिनं नीलाबाईचा हात धरला.

"बाई, मी रात्रंदिवस नाई राहू शकत इथी. तुमी लक्ष ठेवजा. यायच्या शब्दावर भरोसा नोका करू. कोनी गोड देल्लं तं खाऊन टाकतीन, अन् खाल्लं नाई म्हून सांगतीन."

नीलाबाईनं डब्याकडे बघितलं, मग लटारूकडे. काही बोलायला तिचे ओठ उघडले. लटारूनं दोन्ही हात छातीवर आणून जोडले आणि मान नकारार्थी हलवली.

"ठेवीन लक्ष, बाई," नीलाबाई म्हणाली, आणि गाडी ढकलायला लागली.