हजार मीटरच्या खाली

माझी बायको एडिथ गेल्यावर वर्षभरानं, एका सकाळी दाढी करताना माझ्या लक्षात आलं, की मला अरे-तुरे करणारं आता जगात कोणी उरलेलं नाही. आई-वडील कधीच गेले होते, भावंडं नव्हतीच आणि आम्हाला मूलबाळ झालं नाही. गावात मी औषधवाला. ऑस्ट्रियातल्या आमच्या टिरोलमध्ये औषधवाल्याला त्याच्या पदवीनं हाक मारतात, म्हणून एकतीस वर्षं मी सगळ्यांचा मागिस्टरसाहेब. लोक वाईट नाहीत. पण आपली मूळव्याध ज्याला ठाऊक आहे, त्याच्या शेजारी बसून बिअर प्यायला कोणाला गोड लागेल? मी खानावळीत शिरलो की माणसं सरकून जागा देतात आणि आवाज खाली करतात. इतका मान मिळाला की माणूस एकटाच जेवतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत डोंगरावरच्या खानावळीचा मालक गेरोल्ड संधिवातानं आडवा झाला. बर्फानं रस्ता बंद होता, म्हणून औषध घेऊन मीच दोन तास चढत गेलो. मी लिन्झचा, सपाटीवरचा माणूस. एवढ्या वर्षांत वर कधी गेलो नव्हतो. औषध देऊन परत निघालो, तर दारात नोत्बुर्गा एनेमोझर उभी. नवरा गेल्यापासून घसरगाड्यांची वाट तीच राखते. रोज वळणांवर पाणी मारायचं, बर्फ घट्ट करायचा, कडेला गवताच्या पेंढ्या रचायच्या, ही सगळी तिची कामं. वय सहासष्ट, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. खाली दुकानात ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते, तेव्हा आमचं बोलणं 'कशा आहात' आणि 'बरी आहे, मागिस्टरसाहेब' एवढंच.

ती म्हणाली, "चालत उतरलास तर गुडघे जातील तुझे. बस माझ्या मागे. आणि ओरडायचं नाही, कान दुखतात माझे."

नियम मला ऐकून माहीत होता. आमच्या डोंगरात हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना तू म्हणतात. वर माणूस देवाच्या जवळ असतो, तिथं साहेब आणि बाई चालत नाही, असं म्हातारे सांगतात. पण ऐकणं वेगळं आणि 'तुझे गुडघे' हे कानावर पडणं वेगळं. मी तिच्या मागे बसलो. गाडी सुटली. झाडं, कुंपण, आभाळ सगळं कानाजवळून सूं करून गेलं. मी ओरडलो नाही, कारण श्वासच नव्हता. तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "झुक रे, झुक, पोत्यासारखा बसू नकोस." मग हजार मीटरची खूण असलेला दगड मागे पडला. गाडी गावाच्या तोंडाशी थांबली, तेव्हा टोपी झटकत तिनं विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना, मागिस्टरसाहेब?"

त्याच आठवड्यात मी घसरगाडी विकत घेतली.

लोकांना वाटलं, म्हातारपणी हौस फुटली. फुटू दे म्हटलं. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी गाडी ओढत वर जायचो. शिकवायला नोत्बुर्गाच. वर ती बुर्गी, खाली एनेमोझरबाई. गाडीवर बसायचं नसतं, जवळजवळ झोपायचं असतं, हे पहिल्या दिवशी कळलं. डावीकडे वळायचं तर उजव्या पोटरीनं गाडीखालची उजवी पट्टी आत दाबायची, डाव्या हातानं दोरी ओढायची आणि डोकं वर काढायचा मोह टाळायचा. मला तोच टाळता येत नव्हता. मी डोकं काढायचो आणि पेंढ्यांत जाऊन पडायचो. पहिल्या हिवाळ्यात माझंच मलम मी मलाच विकत होतो. गेरोल्ड खानावळीच्या पायरीवरून विचारायचा, "काय रे कॉन्राड, घाबरण्यावर एखादी गोळी नाही का ठेवलीस दुकानात?" सगळे हसायचे. मी त्यांच्यात बसून गरम सूप प्यायचो आणि मला इतकं बरं वाटायचं, की उतरूच नये.

पण उतरावं लागायचं. पहिलं वर्ष उतरताना माझा जीव वेगानं उडायचा, नंतर नंतर हजार मीटरच्या त्या दगडानंच उडायला लागला. वर मला वेड्या, गाढवा, कॉन्राड म्हणणारी माणसं खाली दुकानात आली की टोपी काढायची. नियम त्यांचा, त्यांना त्यात काही खटकत नव्हतं. खाली तू म्हणायचं तर त्याची मुभा वयानं मोठ्या माणसानं द्यायची असते, आणि समोर बाई असेल तर बाईनं. दिलेली मुभा घेतली नाही, तर पुन्हा कोणी देत नाही. बुर्गीनं द्यावी, असं मला फार वाटायचं. लग्नबिग्न काही डोक्यात नव्हतं. मंगळवारी सकाळी, साध्या दुकानात, कोणीतरी 'काय रे' म्हणून आत यावं, एवढंच हवं होतं. पण मागणार कसं? भीड भिकेची बहीण, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

यंदा फेब्रुवारीत एकदा मी एकही पेंढी न पाडता खाली आलो. डोकं मागे होतं, आभाळ पायांच्या मधून दिसत होतं, वळण आपोआप शरीरातून येत होतं. वर परत गेल्यावर बुर्गी एवढंच म्हणाली, "आता तुला शर्यतीत घालायला हरकत नाही."

शर्यत मार्चच्या पहिल्या रविवारी असते, वाट बंद होण्याआधी. पन्नाशीनंतर शिकलेल्यांचा वेगळा गट असतो. आम्ही चौघं होतो. शेवटची रेषा गावात, अग्निशामक दलाच्या शेडपाशी. बुर्गी शेवटच्या वळणावर झेंडा घेऊन उभी होती, दगडाच्या बऱ्याच खाली.

मी छान येत होतो, खरंच सांगतो. दगड मागे पडला आणि शेवटच्या वळणावर उन्हानं मऊ झालेल्या बर्फात उजवी पट्टी रुतली. गाडी एकीकडे आणि मी दुसरीकडे. वाटेकडेच्या फळीवर खांदा आपटला, दोनदा उलटलो आणि तोंडात बर्फ भरून पालथा पडलो. काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग कोणीतरी धावत आलं, गुडघ्यांवर बसलं, माझं हेल्मेट सैल केलं, आणि मानेला ऊबदार हात लागला.

"कॉन्राड. अरे, बोल ना. ऐकतोयस ना तू?"

बुर्गी होती.  मागे अग्निशामक दलाचे दोघं येऊन उभे होते, त्यांच्या देखत ती मला तू म्हणत होती, नऊशे साठ मीटरवर. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो, ते माझ्या मानेवर हात ठेवून समोर बसलं होतं.

आणि मी म्हणालो, "काळजी करू नका, एनेमोझरबाई. मी ठीक आहे."

तोंडातून आपोआप गेलं. एकतीस वर्षं काउंटरमागे उभं राहून लोकांना धीर दिला, तेच वाक्य, तोच आवाज. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, मी तर पुरता मेलोही नव्हतो. तिनं हात काढून घेतला. रागानं नाही, गरम भांड्याला लागलेला हात काढतात तसा. उठली, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला आणि त्या दोघांना म्हणाली, मागिस्टरसाहेबांना आधार द्या, खांदा तपासून घ्या.

खांद्याचं हाड सरकलं होतं. ते बसवलं. त्यानंतर ऊन वाढलं आणि वाट बंद झाली.

ती दोनदा दुकानात आली. दोन्ही वेळा मागे माणसं होती. मी गोळ्या कागदी पिशवीत घातल्या आणि 'सकाळी एक, नाश्त्यानंतर' असं म्हणालो, म्हणजे तू किंवा तुम्ही काहीच म्हणावं लागू नये. तिनं आभार मानले आणि गेली. दोन्ही वेळा नंतर मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. एडिथ गेली तेव्हा मी एकटा पडलो होतो, ते कोणाच्या हातात नव्हतं. हे मी स्वतः केलं होतं, आणि ते जास्त झोंबत होतं.

काल शेवटी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात हिवाळ्याची उरलेली लाकडं रचत होती. मला बघून थांबली, पण लाकूड हातातून खाली ठेवलं नाही. मी रस्ताभर घोकून आलो होतो, तरी सगळं गडबडलं. मी म्हणालो, रीत मला माहीत आहे, विचारायचं वयानं मोठ्या माणसानं असतं, बाईनं असतं, तरी मीच विचारतो. खालीही तू म्हणायचं का आपण?

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "दोन माणसांच्या देखत म्हटलं होतं. तुम्ही घेतलं नाहीत."

मी सांगितलं, की ते चुकून झालं, पडलो होतो, भान नव्हतं. ती म्हणाली, भान नसताना माणूस खरं तेच बोलतो, आणि पुढचं लाकूड उचललं. मी तसाच उभा राहिलो. लाकडं रचता रचता, मागे न वळताच, ती म्हणाली, "बर्फ पडू द्या, मागिस्टरसाहेब. वर या. मग बघू."

मी बरं म्हणालो आणि घरी आलो. आज एप्रिलची बारा तारीख आहे. आमच्याकडे बर्फ डिसेंबरात पडतो.