अर्धी गोळी

खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नाही, सासूच्या धाकानं आपोआप आलं.

मैत्री माझी लेक, सोळा वर्षांची. बाराव्या वर्षी तिला साखर निघाली. हडकुळी पोर, आणि साखर! "बारीक मुलांना होते तीच ही, इंजेक्शनवाली," असं सांगून डॉक्टरांनी इन्सुलिनचं पेन हातात दिलं. तेव्हापासून दिवसाला चार सुया. पोटावर काळेनिळे डाग. शाळेची सहल निघाली की म्हणायची, "मला नाही जायचं." खोटं. जायचंच असायचं तिला.

माझी सासू ठमाबाई ओटीवर सुपारी सोलता सोलता येईल-जाईल त्याला ऐकवायची, "आमच्या घराण्यात असलं काय न्हाय. कुठून आलं कुनाला ठाव." आणि बघायची माझ्याकडे. मी काही कुणाला हार जाणारी नाही. दिवेआगरला येणाऱ्या पर्यटकांना जेवण करून घालते, मोठमोठ्या साहेबांची तोंडं गप्प केलीत. पण या एका वाक्याला माझी वाचा बसायची, कारण कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

मैत्रीच्या वेळी पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले, तिथंच माझी साखर सापडली. आई म्हणाली, "सासरी बोललीस तर बघ! जन्मभर ऐकत बसशील." तिलाही होती, तिच्या बापालाही. बाळंतपणानंतर मला अर्धी गोळी लागली. ती मेथीच्या डब्यात लपवून मी रोज घेत आले, सोळा वर्षं. मुंबईत कामाला असलेल्या नवऱ्यालाही पत्ता नाही.

गेल्या डिसेंबरात मुंबईहून पूनम डॉक्टर घरी आल्या. लहान वयात साखर होणाऱ्या बारीक मुलांचा त्या अभ्यास करत होत्या, जनुकातला एखादा दोष पिढीजात येतो का ते बघायला. ओटीवर बसून त्यांनी आमच्या घराण्याची वेल कागदावर काढली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, साखर असेल तर तो काळा भरायचा.

"तुमच्या माहेरी कुणाला?"

"छे! कुणालाच नाही," मी म्हटलं. सासू शेजारीच होती ना.

कागद आवरताना डॉक्टर म्हणाल्या, "तीन पिढ्या ओळीनं साखर असती, तर वेगळा प्रकार असण्याची शक्यता होती. त्यात पुष्कळांची सुई सुटते, गोळीवर भागतं. पण इथं तसं दिसत नाही."

मैत्री नुसतं "बरं" म्हणाली आणि पेन घेऊन आत गेली. जेवणाची वेळ झाली होती.

अगं बाई, गुपित माझं आणि टोचून घेतेय ती! मी उठले, मेथीचा डबा आणला आणि सगळ्यांसमोर उपडा केला. "ही माझी गोळी. मला साखर आहे. आईला होती, आजोबांना होती. भरा तो गोल!"

सासूचा हात थांबला. "बघा! मी म्हनतच व्हते!"

"म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा," मी ओरडले. "पण आधी त्यांना लिहू द्या."

डॉक्टर त्या पाकिटाकडे बघतच राहिल्या. "अर्ध्या गोळीवर सोळा वर्षं? थांबा, दोघींचं रक्त घेते."

त्यानंतर मैत्री माझ्याशी धड बोलली नाही. चार वर्षांच्या सुया, बोलणार कशी? मीही मनवायला गेले नाही, तेवढी लाज होती मला.

दोन महिन्यांनी अहवाल आला. दोघींच्या एकाच जनुकात एकच दोष. डॉक्टरांनी मैत्रीला मुंबईला बोलावून दवाखान्यात ठेवून घेतलं, गोळी सुरू केली आणि रोज साखर मोजत इंजेक्शन कमी करत आणलं. शेवटी एका सकाळी साखर आली एकशे आठ, त्याच्या आदल्या दिवशी एकही सुई न घेता. "आता सुई बंद," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी मात्र चुकवायची नाही."

घरी पोचलो तर सासू ओटीवर वाटच बघत होती. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "म्हंजे आईकडूनच आलं ना?"

मी तोंड उघडणार, तोच मैत्री म्हणाली, "हो आज्जी, आईकडूनच आलं. म्हणून तर सुई गेली. दुसरीकडून कुठून आलं असतं, तर बसले असते जन्मभर टोचत."

सासूनं पुन्हा सुपारी सोलायला घेतली. मी रडले, हो, भर ओटीवर रडले. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पोरीनं माझा हात धरला.