कृशानंदस्वामींचा दोरा

“सुटला! तीन बोटं सुटला!”

नदीकाठच्या देवळासमोर आरोळी उठली आणि शे-दोनशे माना एकदम उंचावल्या. वरच्या पायरीवर सर्जेराव उभा होता. बाराबंदी छातीपर्यंत धरून त्याने आपलं पोट साऱ्या पुण्याला दाखवायला काढलं होतं. पोटाभोवती करंगळीएवढा जाड, भगवा सुती दोरा होता. काल सोमवारी हाच दोरा कातडीत रुतला होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं. आज कृशानंदस्वामींनी दोरा आणि पोट यांच्यामधून तीन बोटं सहज फिरवली.

“काल काय जेवलास, बाळ?”

“बासुंदी, महाराज. आणि सात पुरणपोळ्या.”

“आणि घटलं किती?”

“तीन बोटं, महाराज!”

“खा!” स्वामी गरजले. “अन्न हे पूर्णब्रह्म. ब्रह्माने कधी कोणी लठ्ठ झालाय? लठ्ठ करते ती वासना! आमचं कृशसूत्र वासनेला पिळून काढतं. मेदाचं पाणी होतं, पाण्याची वाफ होते, वाफ आकाशात जाते.”

“आणि आकाशातून पलीकडच्या पेठेत पडते वाटतं,” मी मागून म्हणालो.

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, “वैद्य आहेत. जळतायत.”

म्हातारा खोटं बोलत नव्हता.

थोरले माधवराव पेशवे गादीवर होते, तेव्हाची ही गोष्ट. मी विसाजी वैद्य, कसबा पेठेत राहणारा. स्वामींचं पितळ मी उघडं पाडलं असं लोक पुढे सांगू लागले, म्हणून आधीच कबूल करतो, सत्याच्या ओढीने मी त्या पायऱ्यांशी गेलो नव्हतो. मला मत्सराने गिळलं होतं.

कारण ते पोट माझं होतं. म्हणजे सर्जेरावाचंच, पण त्याच्यावर घाम मी गाळला होता. सर्जेराव शिलेदार, स्वतःच्या घोड्यानिशी पथकात चाकरी करणारा. दोन वर्षं मोहीम नव्हती. घरी बसून तो इतका सुटला, की घोड्यावर चढवायला दोन माणसं लागत आणि घोड्याच्या पाठीला जखमा झाल्या. पथकाच्या सरदाराने बजावलं, “दसऱ्याच्या हजेरीला आपल्या आपण रिकिबीत पाय टाकलास तर ठीक. नाहीतर तुझी जागा तुझ्या चुलतभावाला.”

ज्येष्ठात तो माझ्याकडे आला. मी त्याला ज्वारीची दीड भाकरी, मुगाचं वरण, पालेभाजी आणि ताक एवढंच सांगितलं. तूप-साखर बंद, दुपारची झोप बंद. पहाटे उठून पर्वती चढायची. त्याने मला रोज शिव्या दिल्या, पण ऐकलं. दोन महिन्यांत कंबर चार बोटं उतरली, घोड्याच्या जखमा सुकल्या. नागपंचमीनंतर हे स्वामी आले. सर्जेरावाने एक दोरा बांधून घेतला आणि माझ्या दोन महिन्यांची पुण्याई एका सकाळीत स्वामींची झाली.

“वैद्यबुवांनी मला उपाशी मारलं,” तो चारचौघांत सांगे. “बारीक केलं ते स्वामींनी.”

त्या दिवशी घरी आलो तर माझी पत्नी मंदाकिनी दारातच उभी. चेहरा फुललेला.

“ऐकलंत का? माझाही सुटला. दोन बोटं.”

मी उंबऱ्यातच थांबलो. “तूसुद्धा? अगं, बारा वर्षं मी सांगतोय, रात्रीचा भात कमी कर, जरा चालत जा...”

“तुम्ही ‘खाऊ नको’ म्हणता, स्वामी ‘खा’ म्हणतात. आणि तुम्ही सांगता तेव्हा चेहरा असा करता, जसं काही मी तुमच्या ताटातलं चोरून खाल्लंय.”

 ते वाक्य जेवताना आठवत राहिलं, अजूनही कधीकधी आठवतं.

स्वामींची व्यवस्था मोठी चोख होती. दोरे तांब्याच्या घंगाळात तीर्थात बुडवून ठेवलेले असत. सोमवारी स्वामी ओला दोरा काढून पोटावर करकचून बांधत. मंगळवारी सगळ्यांसमोर बोटं घालून पाहत. पुढच्या सोमवारी जुना दोरा कापून नदीत सोडत आणि नवा बांधत. पथ्य एकच, आठ दिवस सूत्राला पाणी लागू द्यायचं नाही. अंघोळसुद्धा दोरा वर उचलून, बेताने. एखाद्याचा भिजून आवळला, तर स्वामी त्याच्याकडे दुःखाने पाहत. “मनात पाप आलं होतं ना?” आणि पाप कोणाच्या मनात येत नाही?

स्वामी म्हणत, मी केवळ वायू भक्षण करतो. मी तिथेच घाव घालायचं ठरवलं. भर गर्दीत ओरडलो, “हा माणूस चोरून जेवतो! खोली उघडा!”

स्वामींनी हसून किल्ली पुढे केली. लोकांनी खोली धुंडाळली. एक घोंगडी, एक कमंडलू. मुरमुऱ्याचा दाणासुद्धा निघाला नाही. त्यानंतर मी रस्त्याने निघालो की पोरंटोरं मागून ओरडत, “वैद्यबुवा, वास येतोय, काहीतरी जळतंय!” माझ्या दाराशी सकाळी दहा-बारा रोगी बसत, तिथे दोन उरले. त्यातला एक बहिरा होता, त्याला बातमी पोचली नसावी.

मग मी एक गोष्ट केली, जी मंदाकिनीलाही सांगितली नाही. सोमवारी मुकाट्याने रांगेत जाऊन उभा राहिलो.

“वैद्यराज, आपण?” माझ्या बरगड्यांकडे पाहत स्वामी म्हणाले. “आपल्याकडे घटवण्यासारखं काय आहे?”

“वासना,” मी म्हणालो. लोक हसले. दोरा आवळला गेला.

घरी येऊन उपरण्याच्या काठाने कंबर मोजली आणि काठावर कोळशाची खूण केली. मंगळवारी सकाळी दोऱ्यात बोटं घातली. दोन बोटं सहज गेली.  हा माणूस खरा असला तर? मी आयुष्यभर लोकांना उगाच ताक पाजत आलो? पुन्हा उपरणं गुंडाळलं. काठ बरोबर कोळशाच्या खुणेवर आला.

कंबर तेवढीच, दोरा मात्र मोठा. पण बांधलेला दोरा आपोआप वाढेल कसा? दोन दिवस डोकं खाजवलं. उलगडा झाला तो फरासखान्यात.

पेशव्यांचे तंबू, कनाती, शामियाने सांभाळणाऱ्या त्या खात्यात शमशुद्दीन हा जुना फरास होता. त्याचा गुडघा धरला होता, म्हणून तेल घेऊन मी गेलो. अंगणात मोठा डेरा तपासणीसाठी उभा केला होता. मी गुडघ्याला तेल चोळतोय तोच श्रावणातली सर आली. शमशुद्दीन गुडघा विसरून उठला आणि माणसांवर ओरडू लागला, “दोऱ्या सोडा! चारी बाजूंनी सोडा! हात चालवा!”

“अहो, वाऱ्यापावसात दोऱ्या आवळायच्या की सोडायच्या?” मी विचारलं.

तो हसला. “वैद्यजी, औषधातलं तुम्ही जाणता, दोरीतलं मी. घट्ट पिळाची सुती दोरी पाणी प्यायली की फुगते. जाडीला फुगली की पीळ आवळतो आणि लांबीला आखडते. सोडली नाही तर खुंट्या उपटतील, नाहीतर कापड फाटेल. ऊन पडलं की तीच दोरी वाळून लांबते, मग पुन्हा ताणायची. पावसाळाभर आमचं हेच काम.”

मी बंडीखाली हात घातला. दोरा तिथेच होता, वाळलेला आणि सैल.

धावत घरी गेलो, मंदाकिनीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही.”

त्याच दिवशी चावडीवर जाऊन बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मी रुसलो. म्हटलं, जाऊ दे, खा बासुंदी, बांधा दोरे, मग कळेल वैद्य काय होता. जवळजवळ महिनाभर मी त्या आनंदात राहिलो. मत्सराला स्वतःचं जेवण लागत नाही, दुसऱ्याच्या नुकसानाच्या आशेवर तो पोसला जातो.

पितृपंधरवडा लागला. घरोघरी खीर-वड्यांची ताटं. एके सकाळी सर्जेरावाची बायको, सोजरबाई, धापा टाकत दारात आली.

“वैद्यबुवा, चला लवकर! घोड्यावर चढताना धनी पडले. श्वासच लागंना.”

सर्जेराव ओसरीवर आडवा होता. ओठ निळसर, छाती भात्यासारखी चाललेली. घाम पुसून, पाठीशी गाठोडं देऊन बसता केला, औषध दिलं. दोन घटकांनी श्वास जागेवर आला. ज्येष्ठात होता त्याहून तो जास्त सुटला होता. आणि त्या पोटावर स्वामींचा दोरा दोन बोटं सैल होता.

सोजरबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, “एक इचारू? दर मंगळवारी दोरा सैल व्हतोय. आन बाराबंदीचे बंद मात्र दर आठवड्याला तुटत्यात. दोघांत खरं कोण बोलतंय?”

मी शास्त्र शिकलेला माणूस. ज्याला उत्तर ठाऊक होतं तो रुसून बसला होता आणि जिला ठाऊक नव्हतं ती नेमका प्रश्न विचारत होती. मला मान वर करवेना.

“बंद खरं बोलतात, बाई,” मी म्हणालो. “आणि मी हे तुम्हाला महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं.”

पुढच्या सोमवारी सोजरबाईने स्वामींकडून ओला दोरा मागून आणला, घरी आजारी माणूस आहे म्हणून. मी बोलावून घेतलेल्या शमशुद्दीनने तो देवळापुढच्या मंडपाच्या दगडी खांबाला, जिथे ऊन येतं तिथे, सगळ्यांदेखत करकचून बांधला. नख जाईना.

“हे काय?” स्वामी म्हणाले.

“हा खांब फार सुटलाय, महाराज,” मी म्हणालो. “त्यालाही जरा बारीक करा.”

लोक हसले, पण थांबले. पितृपंधरवड्यातलं ऊन कडक पडलं होतं. दुपारपर्यंत दोरा वाळला. शमशुद्दीनने गर्दीकडे पाहिलं आणि दोऱ्याखाली सावकाश दोन बोटं घातली.

 मला ‘जळतायत’ म्हणणारा तो म्हाताराच ओरडला, “खांब दोन बोटं घटला!”

स्वामी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हात उंचावून म्हणाले, “पाहिलंत? पाषाणसुद्धा आमच्या सूत्राने कृश होतो!” काही भोळ्यांनी हातही जोडले.

“असं का? शमशुद्दीन, बोटं काढू नकोस,” मी म्हणालो. “कोणीतरी पाणी आणा.”

“थांबा!” स्वामी ओरडले. “वैद्याच्या पाण्यात औषध असेल! त्या फरासाने काही केलं असेल!”

“माझं पाणी चालेल?” गर्दीतून आवाज आला. मंदाकिनी होती, कमरेला अजून स्वामींचा दोरा. काखेत कळशी. “आत्ताच नदीवरून भरलंय, महाराज. तुमच्याच घाटावरून.”

तिने कळशी दोऱ्यावर सावकाश ओतली. विडा चघळून व्हावा एवढा वेळ गेला.

“या अल्ला!” शमशुद्दीन कळवळला. “खांब फुगला! वैद्यजी, बोटं अडकली!”

बोटं सोडवायला गाठ कापावी लागली. हशाने मंडप दणाणला. मी पायरीवर चढून दोन शब्दांत सांगितलं, ओली दोरी आखडते, वाळली की लांबते. स्वामी ओली बांधतात, तुम्ही अंगाच्या उबेने वाळवता. म्हणून पाणी लावायची बंदी, म्हणून जुना दोरा नदीत. पोट जिथल्या तिथे. लोकांनी भराभर आपापले दोरे काढले आणि नदीत बुडवून पाहू लागले.

“यात पाप कोणाच्या मनात आलं होतं, महाराज?” कोणीतरी विचारलं.

त्याच दुपारी स्वामी खडकीच्या रस्त्याने चालते झाले. ते खरोखर काय खात, कुठे खात, मला आजही ठाऊक नाही.

मला वाटलं होतं, आता माझा जयजयकार होईल. तो शमशुद्दीनचा झाला. त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटला.

दसऱ्याला सर्जेरावाला रिकिबीत पाय टाकता आला नाही. चुलतभाऊ त्याच्या जागी मोहिमेवर गेला. मी सर्जेरावाच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, “मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.” त्याने बसायला घोंगडी पुढे सारली. मग म्हणाला, “वैद्यबुवा, खाल्लं मी. तुम्ही भरवलं नाही.” आणि मी उठताना, “पण एकदा बोलायला हवं होतं.”

त्याने पुन्हा भाकरी-ताक धरलं. या वेळी मी त्याच्याबरोबर पर्वती चढलो, मागून मंदाकिनीही येऊ लागली. मी चेहरा बरा ठेवून बोलायला शिकलो. पुढच्या वर्षी दसऱ्याला सर्जेराव कोणाचा हात न धरता घोड्यावर बसला. त्यासाठी अकरा महिने लागले आणि त्यात सांगण्यासारखा चमत्कार एकही घडला नाही.

म्हणून एवढंच सांगतो. अंग हलकं व्हायचं तर ताट हलकं हवं आणि पाय चालते हवेत. याहून सोपा रस्ता कोणी दाखवला, तर त्याला शिव्या देऊ नका आणि पायाही पडू नका. तपासून पाहा. आणि कळलं की रुसून गप्प बसू नका, त्याच दिवशी बोला.