लोखंडापासून दूर व्हा

चार मजली इमारतीच्या गच्चीवर टॉवर लोखंडी कठड्याला असा बिलगून उभा होता, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोघांचं नुकतंच लग्न ठरलंय.

टॉवर हे त्याचं टोपणनाव. उंची सहा फुटांच्या वर गेली तेव्हा ते पडलं, आणि सोबत घरात एक समजही पडला, की एवढ्या उंच माणसाला उंचीची कसली आलीय भीती? खरं तर टॉवरला स्वतःच्या बुटांकडे वाकून पाहिलं तरी गरगरायचं. पण ताईने नवऱ्यापुढे शब्द टाकला होता. "माझ्या भावाला घ्या कामावर. नाही जमलं त्याला, तर पुन्हा माझ्या माहेरचं नाव काढणार नाही." भावोजींचा डिश अँटेना बसवायचा धंदा. आज डिश लागली तर नोकरी, नाही तर टॉवर घरी आणि ताईचा शब्द खाली. 'खाली' या शब्दाचा टॉवर सध्या विचारही करत नव्हता.

कठडा होता फक्त जिन्याच्या तोंडाशी. बाकी चारी बाजूंनी गच्ची एकदम संपत होती, सुट्टीसारखी. डिशचा खांब पार पलीकडच्या कोपऱ्यात रोवलेला. कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा नव्हता. पाच मजल्यांच्या आत पट्टा लागत नाही, असं भावोजींचं मत होतं. ते स्वतः तळमजल्यावर, सलूनमध्ये, टीव्हीसमोर बसले होते.

"पोचलास का रे?" फोनमधून त्यांचा आवाज आला.

"पोचलो."

"मग दिशा घे. एकशे सदतीस अंश. होकायंत्र उघड फोनमधलं."

टॉवरने एका हाताने उघडलं. काटा गरागरा फिरला, थांबला, उलटा फिरला. पडद्यावर अक्षरं आली: 'होकायंत्र जुळवा. फोन हवेत आठच्या आकारात फिरवा. लोखंडापासून दूर व्हा.'

टॉवरने आजूबाजूला पाहिलं. कठडा लोखंडी. जिना लोखंडी. जगात त्याला धरून ठेवणारी जेवढी म्हणून माणसं होती, ती सगळी लोखंडाची होती.

"भावोजी, ते म्हणतंय दूर व्हा."

"मग हो की."

"कठडा सोडून?"

"नाही, कठडा घेऊन जा! अरे, सोड पटकन. गिऱ्हाईक अर्धी दाढी ठेवून बसलंय."

"मॅच सुरू व्हायला आली!" सलूनवाला मागून ओरडला. "तुमच्या मेव्हण्याला म्हणावं, सूर्य मावळायच्या आत!"

टॉवरने एक बोट सोडलं. मग दुसरं. तिसऱ्या बोटाने ऐकायला नकार दिला. वारा शर्टात शिरला, पाठ फुगवून पाहिली, आणि टॉवरच्या तोंडातली थुंकी अशी आटली की ओरडायचं म्हटलं तरी जमलं नसतं. त्याने डोळे मिटले आणि आधी गुडघ्यांवर, मग सरळ पोटावर आला. गच्ची तापलेली होती. त्याला ती आवडली. पालीसारखा सरपटत तो मधोमध पोचला. आता धरायला काहीच नव्हतं. दोन्ही तळहात त्याने जमिनीला लावून ठेवले. ते उचलले तर गच्ची कलंडेल याबद्दल त्याची खात्री होती.

आणि आठ तर काढायचा होता.

त्याने फोन दातांत धरला आणि मान फिरवली. पहिल्यांदा चुकून मराठी आठ काढला. काटा हललाही नाही. मग इंग्रजी काढला, लांबलचक मानेने, पुन्हा पुन्हा.

"काय करतोयस?" त्याच्या दातांतून भावोजी बोलले.

"आँ."

"नीट बोल."

"आँ आँ!"

फोन थरथरला. की दातच, ते कळायला थोडा वेळ लागला. होकायंत्र जुळलं होतं. टॉवरने हनुवटी जमिनीला टेकून अंश पाहिले, त्या रेषेत नजर पुढे नेली. समोरच्या इमारतीवर पाण्याच्या टाकीच्या झाकणावर एक पिवळा बोका बसला होता. रेषा बरोबर त्याच्यावर जात होती. झालं! आता खांबापाशी जायचं आणि डिशचं तोंड बोक्याकडे करायचं.

कोपऱ्यापर्यंतचं सरपटणं त्याला पुढे कधीच नीट आठवलं नाही. एका बाजूने गच्ची संपत आली, मग दोन्ही बाजूंनी. खालून स्कूटरचा हॉर्न आला, तोही खूप खालून. शेवटी त्याने खांबाला मिठी मारली, हातापायांनी, आणि वर पाहिलं.

बोक्याने जांभई दिली आणि तो उठला.

"ए! बस! बस खाली!"

"बसलोच आहे," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला नाही, बोक्याला!" टॉवर रडवेला झाला. "भावोजी, खूण हलली माझी. तुम्ही समोरच्या गच्चीवर जाऊन उभे राहता का जरा? मी सांगतो तिथे."

फोनमधून सलूनवाल्याचं हसू आलं. "हे? गच्चीवर? अहो, माझ्या खुर्चीचा दांडा दाबून मी ह्यांना वीतभर वर घेतलं, तर ह्यांनी माझा हात पकडला!"

"तुम्ही गप्प बसा हो," भावोजी म्हणाले. मग हलक्या आवाजात, "तुझ्या ताईला माहीत आहे. म्हणून तर म्हणाली, माझा भाऊ घ्या, त्याला भीती कशी ती ठाऊक नाही."

बोका टाकीच्या कडेवरून, खाली चार मजले हवा असताना, शेपटी उडवत निघून गेला. टॉवरने इतका मत्सर आयुष्यात कोणाचा केला नव्हता.

मग त्याने खांब सोडला. दुसऱ्यांदा रस्ता माहीत होता, त्यामुळे सगळं लक्ष भीतीकडे देता आलं. मधोमध पोचून त्याने परत दातांत फोन धरला, आठ काढला, आणि यावेळी ज्याला पाय नाहीत अशी खूण निवडली: टाकीमागचा वाकडा पाइप. परत सरपटला. डिश वळवली.

"गेलं... गेलं... आलं! आलं! थांब, हलू नकोस!"

तो हलणार नव्हताच. एका हाताने खांब आवळून दुसऱ्याने त्याने खिशातल्या पान्याने नट घट्ट केला. खाली टाळ्या वाजल्या.

"शाब्बास रे!" भावोजी ओरडले. "नोकरी पक्की. ताईला आत्ता फोन करतो. उद्या नऊ मजली आहे."

टॉवरने खांबाला गाल लावला. "नऊ?"

"घाबरतोस कशाला? नवाला पट्टा देणार ना मी. हुक लावायचा की झालं."

टॉवरने फोनकडे पाहिलं. काटा खांबापाशी पुन्हा वेड्यासारखा फिरत होता.

"भावोजी," त्याने विचारलं, "हुक कशाचा असतो?"

"लोखंडाचा," भावोजी म्हणाले. "चांगला जाडजूड."