गुडघ्यांची टेस्ट ड्राइव्ह

मेघना तळवडेकरच्या चॅनेलला दोन वर्षं झाली होती, पण गाड्यांच्या व्हिडिओंच्या दुनियेत तिला आपली जागा सापडत नव्हती. कुणी ड्रोन उडवून घाटातली वळणं दाखवी, कुणी इंजिन उघडून बसे, कुणी जुन्या गाड्यांमधली लबाडी पकडून देई. मेघना थोडं थोडं सगळंच करी आणि लोक व्हिडिओ अर्ध्यावर सोडून जात.

त्या शनिवारी परळच्या एका शोरूमने नवी एसयूव्ही दाखवायला अशा सगळ्यांना बोलावलं होतं. मेघनाची आई सुभद्रा जवळच गुडघ्याच्या डॉक्टरकडे आली होती. ती परस्पर तिथेच पोचली. मेघनाचा मित्र प्रेस्टन गाडीचा वेग मोजायची तयारी करत होता. त्याचं चॅनेल वेगाचंच.

"आंटी, बसा ना आत," तो म्हणाला.

सुभद्राने एक पाय वर टाकला आणि तिथेच अडकली. ना वर, ना खाली. मागे कुणीतरी हसलं. दोघांनी धरून तिला खाली घेतलं. मेघनाचे कान तापले.

"चल आई, घरी जाऊया."

"थांब गो. हसतत त्यांका हसांदेत. पण गाडी घेणाऱ्यांच्या घराक म्हातारी माणसा नसतत काय? ता तुमच्यातलो कोण सांगता?"

प्रेस्टन खजील झाला. "कोणीच नाही, आंटी."

मेघनाने कॅमेरा सुरू केला. "आई, परत बस. पण या वेळी बोलत बोलत."

सुभद्रा बोलली. पायरी उंच, धरायला कडी नाही, पुढची सीट त्यातल्या त्यात बरी. डॉक्टरांनी शिकवलेली युक्तीही तिने दाखवली: आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. मेघनाचा तो पहिला व्हिडिओ, जो लोकांनी शेवटपर्यंत पाहिला.

आठवड्याने गिरगावहून सेसिलिया डिमेलोंचा निरोप आला. नवरा आग्नेलो तीन वर्षं व्हीलचेअरवर. ती खुर्ची कुठल्या गाडीत मावते, हे बघायला याल का?

रविवारी सकाळी मेघना काकांची साधी, ठेंगणी गाडी घेऊन गेली. बरोबर आई होती, प्रेस्टन बाईकवरून आला. घडी केलेली खुर्ची डिकीत मावेना. प्रेस्टनने मागची अर्धी सीट पाडली, खुर्ची आडवी सरकवली आणि दार लागलं.

"आता पाठमोरे बसा," सुभद्रा आग्नेलोंना म्हणाली. "घाई करू नका."

ते बसले. मग हाताने एकेक पाय उचलून त्यांनी आत घेतला. कुणीच हात लावला नव्हता. सेसिलियाने डोळे पुसले.

"आता उतरवू नका हं मला," आग्नेलो म्हणाले. "मच्छीमार नगरला चला. बोटी बघायच्यात."

मेघनाने गाडी कफ परेडच्या मच्छीमार नगरला नेली. सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने सेसिलियाने नाकाला पदर लावला, तर आग्नेलोंनी काच पूर्ण खाली घेतली. बराच वेळ ते बोटींकडे बघत राहिले.

"मेघना," शेवटी ते म्हणाले, "अजून कुठल्या गाड्या तपासायच्या असतील तर मला सांग. माझे सगळे रविवार मोकळे आहेत."