माणशी मिनिटाला पंधरा

नदाफ मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये एक गाडी, तीन माणसं आणि एक हजार दोनशे चाळीस श्वास होते. शटर खाली आलं की आत किती श्वास उरलेत ते भिंतीवर उमटायचं, आणि गाडीतला दोष निघाल्याशिवाय शटर वर जायचं नाही. मिरजेतली सगळी गॅरेजं अशीच चालत.

आप्पा ड्रायव्हरच्या सीटवर ॲक्सिलरेटर दाबून बसले होते. त्यांची मुलगी ऋजुता, नुकतीच भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली, मीटर धरून उभी होती. ऑक्सिजन सेन्सर शून्य व्होल्ट दाखवत होता. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे आधी पार्ट बदलला, मग विचार केला. नवा सेन्सरही शून्यच.

"ताई, माल डुप्लिकेट असणार."

घरातला मिक्सरही हिने उघडून ठेवलाय, हिलाच विचारा, असं आप्पा आतून म्हणाले.

ऋजुताने समजावलं. सेन्सरची एक बाजू धुरात असते, दुसरी वायरच्या वाटेने बाहेरची हवा घेते. दोन्हींतल्या ऑक्सिजनचा फरक तो व्होल्टमध्ये सांगतो. दोन्ही सेन्सर शून्य सांगतात, म्हणजे पार्ट चांगला आहे; बाहेरच्या हवेतच धुराइतका कमी ऑक्सिजन आहे, ती हवा तपासायला हवी. वायरचं टोक कुठे निघतं, तिने विचारलं. गालिच्याखालून, ड्रायव्हरच्या सीटपाशी, मिस्त्री म्हणाले.

तिने भिंतीकडे पाहिलं. दहा मिनिटं झाली होती. माणशी मिनिटाला पंधरा धरले तर सातशे नव्वद उरायला हवे होते. नऊशे चाळीस होते. तिने हिशोब पुन्हा मांडला. खर्च दोन माणसांचा होता.

"आप्पा, खाली उतरा."

"मिस्त्रींनी पाय काढू नका म्हटलंय."

मिस्त्री चिंधीला हात पुसत होते, पुसतच राहिले. उजवीकडची भिंत आप्पांच्या दाराला कधी येऊन टेकली, कुणालाच कळलं नाही.

ऋजुता डाव्या दारातून आत शिरली आणि तिने गालिच्याखालून वायरचं टोक ओढून काढलं. त्यावर स्वतः फुंकर घातली. मीटरवर ०.७९. मिस्त्रींनी वाकून घातली. ०.८१. शटर वीतभर उचललं गेलं.

"झालं, एवढं पुरे," ती म्हणाली.

"माझी राहिली की गं," आप्पा हसले. त्यांनी टोक तिच्या बोटांतून घेतलं, गाल फुगवले आणि जोरात फुंकलं. टोकावरची धूळ हलली नाही.

०.००.